हिमनद्या, झोतभट्ट्या आणि शंकेचा अधिकार

पृथ्वी तापते आहे आणि त्याला मनुष्यच जबाबदार आहे, हे न मानणाऱ्यास सार्वजनिक चर्चेत बोलू द्यावे काय, असा प्रश्न अलीकडे उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. दिल्लीच्या परिसंवादांत तो तात्त्विक वाटतो. भिलाईतील हुडकोसारख्या वसाहतीत मात्र तो थेट उपजीविकेला भिडतो. ज्या पोलाद कारखान्याच्या आधाराने या शहरात मराठी कुटुंबेही स्थिरावली, त्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. कोकच्या साह्याने खनिजातून लोखंड काढण्याच्या या पद्धतीत एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ज्याची भाकरी या भट्टीवर भाजली जाते, त्याने 'हे सारे खरे कशावरून?' असे विचारले, तर त्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे; शहाणपणाचे नाही.

या संदर्भात नोव्हेंबर २००९ चे प्रकरण आठवण्याजोगे आहे. तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी हिमालयातील हिमनद्यांवरील एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. लेखक होते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना. हिमनद्यांची पीछेहाट असाधारण वेगाने होत असल्याचा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने तर २००७ च्या अहवालात या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा संभव वर्तविला होता, आणि त्याच वर्षी मंडळाला शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला होता. मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी रैनांच्या मांडणीची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशी केली. मंडळाचा शब्द अखेरचा, असाच तो आविर्भाव होता.

दोन-अडीच महिन्यांतच, जानेवारी २०१० मध्ये, २०३५ च्या भाकितास पुरेसा आधार नसल्याची कबुली मंडळाला द्यावी लागली. हे साल समीक्षित संशोधनातून आलेलेच नव्हते. मूळ मसुद्यावरील आक्षेपांचीही नीट दखल घेतली गेली नव्हती. शंका घेणारे तेव्हाही होते. त्यांचे ऐकले गेले नाही, एवढेच. एका सालापायी शेकडो पानांच्या अहवालाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, आणि हवामानबदल हे थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि शंकेखोरांना नेमका हाच उत्तरार्ध नको असतो. साल चुकले होते, वितळणे चुकले नव्हते. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतीय विकास केंद्राने २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश हिम या शतकाअखेर जाईल. म्हणजे रैनांनी उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर पुढील मोजमापांनी दिले. ते दडपणुकीने मिळाले नसते.

कायद्याची दिशाही हीच आहे. पालघरमधील दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले, आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी यांत भेद केला. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मधून निघणारा अधिकार मानला. एक अधिकार दुसऱ्याला रद्द करीत नाही.

भेद करायचाच, तर तो बोलणारा कोण, यावर करावा. ५ सप्टेंबर २०१४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी विद्यार्थ्यांशी बोलताना हवामान नव्हे तर आपण बदललो आहोत, अशा आशयाचे उत्तर दिले. याच सरकारने पुढे पॅरिस करार स्वीकारला आणि २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. सामान्य नागरिकाची शंका ही शंकाच असते. सत्तास्थानावरून व्यक्त झालेली शंका धोरणाचा संकेत ठरते. तिचा हिशेब संसदेत मागितला गेला पाहिजे. समाजमाध्यमांवरील एखाद्या कामगाराची टिप्पणी पुसून हा हिशेब होत नाही.

युरोपीय संघाच्या सीमेवरील कर्ब आकारणीचा अंतिम टप्पा १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आहे. केंद्रीय पोलाद मंत्रालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असलेल्या पोलादालाच हरित म्हणण्याचे ठरविले आहे. बाजारपेठेने निर्णय घेतला, तो कोणाची शंका फिटण्याची वाट न पाहता. हुडकोतल्या माणसाच्या 'हे सारे खरे कशावरून?' या प्रश्नामागे बहुधा निराळाच प्रश्न दडलेला असतो : झोतभट्टीच्या जागी दुसरे तंत्र आले, तर कंत्राटी कामगाराचे काय? त्याचे बोलणे बंद केले, की हा प्रश्नही बंद होतो. त्याचे उत्तर हवामानशास्त्रज्ञांपाशी नाही. ते पोलाद मंत्रालयाला आणि छत्तीसगड सरकारला द्यावे लागेल.