बांधावरचे रहिवासी

आपल्याकडील कोरडवाहू मुलखात बांधाचे मोठे विचित्र आहे. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि तोच बांध दरसाल नांगराच्या फाळाने थोडाथोडा कोरलाही जातो. बैलांच्या नांगराला ज्या कामास एक पिढी लागे, ते ट्रॅक्टर आता एका सकाळीत उरकतो. पडीक जागा लागवडीखाली आली, असे आपण समाधानाने म्हणतो. ती जागा पडीक होती, हेच मुळी मला मान्य नाही.

भर पावसाळ्यात एखादा जुना बांध निरखून पाहा. बाभूळ, बोर, तरवड, रुई आणि खाली दाट गवत. रुईच्या पानांवर फुलपाखरांचे सुरवंट चरत असतात. बाभळीच्या काटेरी फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबतात. ढोलीत पिंगळा असतो, मुळांशी मुंगसाचे बीळ असते. सुगरण कणसांवर पडते, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हे. परंतु आपल्या पिलांना भरविण्यासाठी हाच पक्षी किडे नि अळ्या वेचून नेतो. पिंगळा आणि धामण उंदीर खातात, त्याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. सूर्यफुलात दाणा चांगला भरावयाचा, तर मधमाशी हवी. ती काही पिकाच्या चार दिवसांच्या फुलोऱ्यावर वर्ष काढू शकत नाही. एरवी तिला बोरीबाभळींचाच आधार. तणनाशक फवारून बांध उघडाबोडका केला, म्हणजे तोही जातो. शिवाय पहिल्याच वळवाबरोबर माती वाहू लागते, ती निराळीच.

बाभळीच्या सावलीत पिकाच्या दोनचार ओळी खुरटतात, हे खरे. दोन एकरांच्या धन्याला तेवढ्याही ओळी जड असतात. शहरात बसून त्याला उपदेश करणे सोपे आहे. आणि ज्याच्या बांधावरील माश्या शेजाऱ्याच्याही पिकाला उपयोगी पडतात, त्याने एकट्याने तोटा का सोसावा? म्हणून दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून बांधालगत दोन-दोन हात जागा सोडावी, असे मला वाटते. झाडे तोडू नयेत, वेळच्या वेळी छाटावीत. सावली आटोक्यात राहते, चुलीला सरपण मिळते आणि कुंपणाला काटी. शेंगा तर शेळ्यांना हव्याच असतात.