कुरकुर आणि इलाज

घरात एक तरी म्हातारे माणूस असावे. "कडी लावलीस का?", "गॅस बंद केलास का?" अशी त्याची कुरकुर दिवसभर चालते, पण घर निर्धास्त झोपते ते तिच्याच जिवावर. माझ्या धंद्यात हे वडीलपण कंपायलरकडे आहे.

माझे काम लिनक्सच्या कर्नलवर. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोणी लिहायचे, हे तोच ठरवतो. लिनस टोर्वाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. तो बहुतेक सी भाषेत आहे. ती यंत्राच्या भाषेत उतरवतो कंपायलर. उघड चूक दिसली, तर तो काम थांबवतो. नुसता संशय आला, तर काम पुरे करतो आणि इशारा देतो.

"अहो, काम झालं ना? मग त्याची बडबड कशाला मनावर घेता?" सौभाग्यवती विचारतात.

प्रश्न रास्त आहे. पण शंभर इशाऱ्यांच्या गर्दीत एकशेएकावा, खरा धोक्याचा, कोण वाचणार? म्हणून घर रोज झाडलेले बरे.

मात्र झाडणे वेगळे आणि केर सतरंजीखाली सारणे वेगळे. सी भाषेत 'स्विच'मध्ये एकाखाली एक पर्याय लिहितात. पर्यायाच्या शेवटी 'ब्रेक' नसेल, तर यंत्र खालच्या पर्यायाचेही काम करीत सुटते. कधी ते मुद्दाम असते, कधी ब्रेक विसरलेला असतो. जीसीसी कंपायलर २०१७ पासून अशा जागांवर बोट ठेवू लागला. कर्नलमधली अशी प्रत्येक जागा माणसांनी वाचली. विसरलेला ब्रेक घातला. मुद्दाम असेल तेथे तसे नोंदवले. त्यात खऱ्या चुकाही सापडल्या. २०१९ साली ५.३ या आवृत्तीत हा इशारा सर्वत्र चालू झाला.

आता उलट गोष्ट. कर्नलबाहेरची, पण याच जातीची. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये, मूल्य न भरलेली मेमरी वाचली जाते, अशी तक्रार एका तपासनिसाने, म्हणजे वालग्राइंडने, केली. तक्रारीच्या ओळी काढून टाकल्या. कुरकुर थांबली! पण त्यांतल्या एका ओळीबरोबर गुप्त किल्ल्या घडवण्याचा बेभरवशीपणाच गेला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे किल्लीच्या आरंभाच्या फार तर ३२,७६८ शक्यता. चोराला एवढ्या तपासणे म्हणजे दुपारचे काम. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले आणि जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

तेव्हापासून आमच्या धंद्यात एक साधी कसोटी सांगतात. इशारा गेला का, हे विचारू नये. तो का आला होता, हे विचारावे. उत्तर देता आले तरच त्या ओळीला हात लावावा.