झाकली मूठ

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. तलवारी-भाल्यांचे दिवस गेले. पण सुताराचा रंधा, लोहाराची ऐरण यांची पूजा राहिली, आणि आमच्या कुंभवलीच्या शेजारी, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, त्या दिवशी लेथ आणि ड्रिलच्या यंत्रांनाही झेंडूचे हार पडतात. घरोघरच्या विळीला आणि सुरीलाही हळदकुंकवाचे बोट लागते. मात्र जरा बारकाईने पाहा: ते बोट टेकते ते पात्यावर. सुरीच्या मुठीला कुंकू लावलेले मी तरी अजून पाहिलेले नाही. काम चालू असताना हात सारा वेळ जिला धरून असतो, तिच्याकडे पूजेच्या दिवशीही कोणी पाहत नाही.

मराठी शिकवणे हा माझा पोटाचा धंदा असल्यामुळे अशा वेळी मी शब्दांकडे वळतो. पात्याची भाषेने केवढी बडदास्त ठेवली आहे! पात्याला धार असते, पाणी असते; माणूसदेखील चांगला निघाला तर आपण त्याला पाणीदार म्हणतो. मुठीच्या वाट्याला काय? झाकली मूठ, मूठभर, मूठमाती, आणि मांत्रिकाने मारलेली मूठ. या सगळ्या माणसाच्या हाताच्या मुठी. हत्याराची यांत एकही नाही. हत्याराच्या दांड्याला मिळालेली म्हण एकच आठवते, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’, आणि तीही शिवीच!

याचे एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच असावे. विळीला मूठच नसते. तिचा पाट पायाखाली दाबला की पाते जागच्या जागी उभे राहते आणि दोन्ही हात भाजीला मोकळे मिळतात. म्हणजे विळीची मूठ हा तिचा पाट, आणि ती धरतो तो पाय. कैक पिढ्या आपल्या बायकांनी अशी बिनमुठीची चिराचीर केली. मग ओटा आला, गॅस आला, बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि विळी नारळ खवण्यापुरती उरली. तिच्या जागी सुरी आली. विळीत पाते थांबते आणि भाजी फिरते. सुरीत भाजी थांबते आणि पाते फिरते. फिरणारे पाते ताब्यात ठेवायचे तर बोटांत बळ हवे, आणि त्या बळाला धरायला जागा हवी.

हे सारे मला सुचले ते आमच्या आईमुळे. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्यांनी तिची विळी सोडवली आणि संधिवाताने आता सुरीही सोडवण्याचा बेत केला होता. तिची जुनी सुरी साध्या लोखंडी पात्याची. धार लावून लावून झिजलेली, पण टोमॅटोची पातळ चकती आजही लीलया काढणारी. तिची मूठ मात्र उभी चिरली होती आणि आईने तिला दोऱ्याचे वेढे घालून कशीबशी जगवली होती. आमच्या सौभाग्यवतीने चकचकीत पात्याची, प्लॅस्टिकच्या बारीक मुठीची नवी सुरी आणून दिली. ती आईच्या हातात ठरेना. एके सकाळी गवार निवडून झाल्यावर तिने सुरी ओट्यावर ठेवली, “उद्यापासून भाजी तुमची तुम्ही चिरा,” म्हणाली आणि गॅलरीत जाऊन बसली.

घरातले काम सुटले म्हणजे म्हाताऱ्या माणसाला विश्रांती मिळते असे ज्यांना वाटते, त्यांनी पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी काढायला हवे होते. आई वर्तमानपत्र वाची, जपमाळ ओढी, आणि दर अर्ध्या तासाने किती वाजले म्हणून विचारी. भाजीत काय घातले आहे हे तिने विचारणे सोडले, तेव्हा मला धास्ती वाटली.

आमच्यापासून दोन घरे सोडून एक मिस्त्री राहतात. साठी उलटलेली, हयात एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी पॅटर्न करण्यात गेली. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याची हुबेहूब प्रतिकृती लाकडात करावी लागते आणि तिच्यावरून वाळूत साचा घेतात. थंड होताना लोखंड आकसते, म्हणून लाकडाची प्रतिकृती तेवढी मोठी ठेवायची असते. असा केसाचा हिशेब करणारा हा माणूस. दोऱ्याने बांधलेली सुरी त्यांनी उन्हात धरून पाहिली.

“सर, पातं अजून वीस वर्षं चालेल. मूठ मेली म्हणून सुरी टाकायची का?”

आई गॅलरीतूनच म्हणाली, “नका हो त्रास घेऊ. माझी बोटं मिटतच नाहीत पूर्ण.”

“आजी, पूर्ण कशाला मिटायला हवीत? जेवढी मिटतात, तेवढी जाड मूठ करू.”

मग त्यांनी आमच्या सौभाग्यवतीकडे घट्ट कणकेचा एक गोळा मागितला, तो लांबट वळला आणि सुरी धरावी तसा आईला हातात धरायला लावला. आईची पाची बोटे त्यात उमटली. करंगळीची खूण सर्वांत उथळ, अंगठ्याची तिरपी. तो गोळा त्यांनी वाटीत ठेवून घरी नेला, जाताना म्हणाले, “हे पॅटर्न.”

मूठ का मरते, हे मला त्यांनीच समजावून सांगितले. बहुतेक देशी सुऱ्यांच्या पात्याला मागे एक निमुळते शेपूट असते आणि ते मुठीच्या भोकात घुसवलेले असते. सुरी मोरीत भिजत पडली की त्या भोकात पाणी जाते. लाकूड फुगते, लोखंडावर दाबले जाते. वाळले की आकसते, पण पूर्वीच्या जागी येत नाही. आत लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा मागतो. असे फुगणे-आकसणे वर्षानुवर्षे चालले की मूठ एक तर ढिली पडते नाही तर चिरते. सैल मुठीची सुरी बोथट सुरीपेक्षा घातकी, कारण दाब द्यावा तेव्हाच ती हातात फिरते. तेव्हा गृहिणींनो, सुरी खरकट्या पाण्यात बुडवून ठेवू नका. धुवा, पुसा आणि उभी ठेवा. निम्म्या मुठी एवढ्याने वाचतील.

आता लाकूड कोणते? पालघरच्या जंगलात साग आहे, ऐन आहे, खैर, शिसव आहे. धामण आहे, तिचे लाकूड लवचिक, घाव सोसणारे, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला तिला फार मान. पण सुरीला घाव सोसायचा नसतो, पाणी सोसायचे असते. शिसव देखणी आणि चिवट, पण जड. दुखऱ्या हाताला जड मूठ नको, असे म्हणून मिस्त्रींनी मोडक्या खाटेचा एक सागवानी खूर शोधून काढला. साग वजनाला बेताचा, अंगचा तेलकट, पाण्याने फारसा फुगत-आकसत नाही. आणि खाटेचा खूर म्हणजे घरातच वर्षानुवर्षे वाळलेला. खोड एकच: सागाच्या अंगात वाळूसारखा अंश असतो, तो हत्यारांची धार खातो. मिस्त्रींनी दोनदा पटाशी दगडावर घासली आणि दोन्ही वेळा सागाला नावे ठेवली.

लाकडाचे उभे तंतू मुठीच्या लांबीत येतील असा तुकडा कापला. आडवे तंतू आले तर मूठ काडीसारखी तुटते. गिरमिटाने शेपटापेक्षा किंचित लहान भोक पाडले, तेही मूठ चौकोनी असतानाच, कारण आकार दिल्यावर भोक सरळ पाडणे अवघड. मग पात्याला ओले फडके गुंडाळले आणि फक्त शेपूट लाल होईपर्यंत तापवले. फडके अशासाठी की उष्णता पात्यात चढली तर त्याला दिलेले पाणी उतरते आणि सुरी जन्माची मऊ होते. (पाणी उतरणे हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना मी यापुढे ओले फडके घेऊन जाणार आहे.) तापलेले शेपूट भोकात दाबताच धूर निघाला, आणि लोखंडाने आपल्या मापाची जागा आपणच जाळून घेतली. जपानमध्ये स्वयंपाकाच्या सुऱ्यांना मॅग्नोलियाच्या लाकडाची मूठ याच रीतीने बसवतात, आणि जुनी झाली की बदलतात.

पुढे खरी गंमत. भोकात लाख, राळ आणि विटेची वस्त्रगाळ पूड यांचा मसाला भरला, शेपूट पुन्हा बेताने तापवून आत सारले आणि पाते खाली लोंबते ठेवून मुठीच्या बुडावर लाकडी हातोडीने ठोकले. मला वाटले, सुरी बाहेर निसटेल. झाले उलट, प्रत्येक ठोक्याबरोबर पाते वर चढत गेले! ठोक्याने मूठ खाली जाते आणि पाते जडत्वाने जागच्या जागी राहते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हे मी परीक्षेपुरते वाचले होते, इथे डोळ्यांनी पाहिले. लाखेचा हा मसाला काही स्वयंपाकघरातला शोध नव्हे. आपल्याकडच्या तलवारींच्या लोखंडी मुठीही पात्यावर अशाच मसाल्याने बसवीत. मूठ हलू लागली की तापवायची, मसाला वितळला की उतरवून पुन्हा बसवायची. आजकाल एपॉक्सीच्या दोन नळ्या मिसळल्या की काम होते, आणि ते लाखेपेक्षा पक्के होते हे खरे. पण त्यातली मूठ सहजी सुटत नाही. पुढे कधीतरी ती बदलावी लागेल हे ज्याने गृहीत धरले, त्या लाखेवाल्याची समज मला अधिक आवडते. एवढेच की अशी सुरी तापल्या तव्याच्या काठावर टेकवून ठेवायची नाही.

मुठीच्या तोंडाशी पितळेचे कडे बसवले, लाकूड तिथून चिरू नये म्हणून. कडे तापवून चढवायचे. निवताना ते आवळते. मुसळाच्या टोकाला असते तशीच ही साम. हा शब्द मी पुढच्याच आठवड्यात वर्गात विचारला. चाळीसपैकी एका मुलीला ठाऊक होता. तिच्या घरी भाताची शेती आहे आणि मुसळ अजून कोपऱ्यात उभे आहे.

कणकेचा गोळा एव्हाना वाळून खडखडीत झाला होता. तो समोर ठेवून मिस्त्रींनी कानशीने आणि काचकागदाने मूठ उतरवली. बाजारच्या मुठीच्या जवळजवळ दुप्पट जाड, खालच्या अंगाला पोट असलेली, अंगठ्यासाठी एक तिरपी खोबण. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर दोनतीन दिवस वाळवून. रंगाच्या दुकानात मिळते ते ‘डबल बॉईल’ तेल नको, त्यात लवकर वाळावे म्हणून रसायने घातलेली असतात. खोबरेल तर नकोच. ते वाळत नाही, खवट होते. आणि तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत.

मिस्त्रींना माहीत नसेल, पण त्यांनी केले तेच अमेरिकेत एका उद्योजकाने करून मोठा धंदा उभारला. सॅम फार्बर हे त्यांचे नाव. त्यांच्या पत्नीला, बेट्सीला, हातांचा संधिवात. भाजी सोलण्याचे बारीक दांडीचे सोलणे तिच्या हातात टिकेना. त्यातून जाड, मऊ मुठीची अवजारे निघाली आणि १९९० साली ‘ऑक्सो’ या नावाने बाजारात आली. दुखऱ्या हातांसाठी केलेल्या त्या मुठी धडधाकट हातांनीही उचलल्या. आमची सौभाग्यवतीसुद्धा आता आईची सुरी ‘जरा बघू’ म्हणून घेते आणि परत करायला विसरते.

सुरी आली त्या दिवशी आईने ती आधी रिकामीच चारपाच वेळा हलवून पाहिली. मग दुधी मागितला. पहिल्या फोडी ओबडधोबड झाल्या, पुढच्या सारख्या. अर्ध्या दुध्यावर हात थांबला, बोटे चोळली, आणि उरलेला अर्धा चिरून झाल्यावरच ती उठली. संधिवात गेलेला नाही. थंडीच्या सकाळी आजही सुरी बाजूला राहते. पण त्या दुपारी जेवताना ती म्हणाली, “भाजीत मीठ कमी आहे,” आणि आम्ही सगळे एकमेकांकडे पाहून हसलो.

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत; फराळाला मात्र हक्काने या म्हटल्यावर कडबोळी असतील तर येतो म्हणाले. दरम्यान बातमी गल्लीत फुटली आहे. आमच्या ओट्यावर चार घरच्या सुऱ्या येऊन पडल्या आहेत, आणि आई येईल तिच्या हातात कणकेचा गोळा देऊन “धर घट्ट, सुरी धरतेस तशी,” असे फर्मावते. गोळे नावाच्या चिठ्ठ्या लावून खिडकीत वाळत ठेवले आहेत. काल त्यातल्या एकाला मुंग्या लागल्या, तेव्हा त्या बाईंना पुन्हा बोलवावे लागेल.