जकात गेली, पण जाच?

कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव यास शिवछत्रपतींनी 1671 मध्ये धाडलेले पत्र आपल्या अर्थतज्ज्ञांनी एकदा तरी वाचावे असे आहे. बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठामुळे संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल, सबब त्या मिठावर जबर जकात बसवावी, अशी त्यातील आज्ञा. परक्या मालापासून घरच्या उत्पादकाचे रक्षण, हे त्या जकातीचे प्रयोजन होते.

स्वतंत्र भारतात महाराष्ट्रातील महानगरांनी हेच शस्त्र घरच्या माणसावर चालविले. ठाण्याच्या लघुउद्योजकाचा माल मुलुंडच्या नाक्यावर परका ठरू लागला. मालमोटारींच्या रांगा, पावत्यांचा घोळ आणि नाक्यावरील 'समजुती' यांचे वर्णन करण्याचे प्रयोजन नाही. ज्यांनी धंदा केला त्यांना ते पाठ आहे.

2010 च्या नियमावलीने स्थानिक संस्था कर आणला. टप्प्याटप्प्याने तो लागू होत 1 एप्रिल 2013 रोजी पुणे, ठाण्यापर्यंत पोहोचला, तेव्हा राज्यभरातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. तत्कालीन आघाडी सरकारने त्यांना करबुडवे ठरविले. वस्तुस्थिती अशी होती की, नाका हटला तो थेट दुकानात येऊन बसला. मूल्यवर्धित कराच्या वह्या होत्याच. त्यात शहराबाहेरून आणलेल्या मालाच्या वेगळ्या नोंदींची भर पडली आणि दप्तर तपासण्याचा अधिकार पालिकेलाही मिळाला. मोठ्या कंपनीला यासाठी हिशेबनीसांची फौज ठेवता येते. किराणा दुकानदाराने गिऱ्हाईक सांभाळावे की वह्या? 1 ऑगस्ट 2015 पासून फडणवीस सरकारने 50 कोटींहून कमी उलाढाल असलेल्यांना या करातून मुक्त केले. मुंबईची जकात 30 जून 2017 च्या मध्यरात्री संपली. हे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे.

मात्र श्रेय देताना डोळे मिटण्याचे कारण नाही. मे 2017 मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या राज्य वस्तू व सेवा कर कायद्यात लहानांसाठी आपसमेळ योजना आहे: दर अल्प, कागदपत्रे थोडी. पण कोल्हापूरनजीक शिरोलीत सुटे भाग घडविणाऱ्या कारागिराने ती स्वीकारली की, त्याच्या गिऱ्हाइकाला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. साहजिकच मोठे कारखाने त्याच्याकडे पाठ फिरवतात. परराज्यात माल विकण्यासही त्याला मनाई. बेळगाव किती दूर? सकाळी निघालेला टेम्पो दुपारी परत येतो. तेथे आपली माणसे राहतात, आपली भाषा बोलली जाते. तरी कायद्याच्या लेखी ते परराज्य. तेथे भाग विकायचे तर उलाढाल कितीही तुटपुंजी असो, नेहमीची नोंदणी घ्यावी लागते आणि विवरणपत्रांचे चक्र मागे लागते. महिनाभर धंदा झाला नाही तरी विवरणपत्र हवेच. ते चुकले तर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क.

एक देश, एक बाजारपेठ या संकल्पनेचा लाभ प्रथम कोणाला व्हायला हवा? ज्याचे गोदाम दहा राज्यांत आहे त्याला, की ज्याची कार्यशाळा सीमेपासून तासाभरावर आहे त्याला? वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राला स्थान आहे. आपसमेळ योजनेतील लघुउद्योजकांना निदान शेजारच्या राज्यांत विक्रीची मुभा द्यावी, ही मागणी राज्याच्या अर्थमंत्र्यांनी तेथे मांडावी. मिठागरांची चिंता वाहणाऱ्या राजाचे नाव आपण प्रत्येक सभेत घेतो. शिरोलीचा कारागीर त्याच राज्याचा आहे.