दंतवैद्यकीचा प्रवेश आणि नसलेली मुलाखत



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा, माती परीक्षण असल्या विषयांवर लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. आडसाली लागणीच्या नोंदी घेत गटातून फिरताना बांधावर उसापेक्षा मुलांच्या प्रवेशाचीच चौकशी जास्त होते. "साहेब, पोरीला डेंटलला घालायचंय, मुलाखतीला काय काय विचारतात?" आणि त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न, "चान्स किती आहे?" मी कृषी पदविकाधारक माणूस. दाताचे माझे ज्ञान दाढ दुखण्यापलीकडे नाही. परंतु माहिती पुस्तिका वाचणे आणि आकड्यांचा हिशेब मांडणे हे आमचे रोजचेच काम आहे, म्हणून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे. बीडीएसच्या प्रवेशासाठी आपल्याकडे मुलाखत नाही. सरकारी महाविद्यालयात नाही, खाजगीत नाही, अभिमत विद्यापीठातही नाही. २०१७ पासून देशभर हा प्रवेश 'नीट' या एकाच परीक्षेवर होतो. परीक्षा ७२० गुणांची, प्रश्न १८०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकले तर १ गुण कापला जातो. खाजगी महाविद्यालयातील ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांतून भरतात आणि उरलेल्या संस्था कोट्यालाही नीटचाच गुणक्रम लागतो. साखर पट्ट्यातली लोणी आणि कराडची दंत महाविद्यालये अभिमत विद्यापीठांची आहेत. त्यांच्या जागा दिल्लीच्या समितीमार्फत भरल्या जातात. तेव्हा कोणी "मुलाखतीचे मार्क आमच्या हातात आहेत" असे सांगत घरी आला, तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे. चेअरमनसाहेबांची चिठ्ठी नेऊन जागा मिळत नाही, हे खुद्द चेअरमनसाहेबच तुम्हाला सांगतील.

मुलाखतीची भीती लोकांच्या मनातून का जात नाही, याला जुने कारण आहे. एके काळी मुलाखती होत्या, आणि त्यांत काय चालायचे ते न्यायालयापर्यंत गेले. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षा १०० गुणांची आणि तोंडी ५० गुणांची असे. तोंडीला मुलगा दोन-तीन मिनिटे उभा, आणि प्रश्न कसले, तर वडील कोण, राहणार कुठले. नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया खटल्यात सांगितले, की अशा प्रवेशात मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे मनमानीचे आहे. पुढे १९८३ च्या सुमारास वसंतदादांच्या कारकिर्दीत आपल्याकडे विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. ग्रामीण भागातली पुष्कळ मुले त्यामुळे शिकली, हे कोणी नाकारू नये. पण देणगीचा व्यवहारही त्याच काळात बोकाळला आणि १९८७ मध्ये राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. कायदा झाला तरी सवय राहिली. तोडणीचा नंबर लवकर लावण्यासाठी 'खुशाली' मोजणारा आपला माणूस प्रवेशाच्या वेळीही आधी खिशालाच हात घालतो.

आता चान्सचे बोलू. इथे बहुतेक पालकांचा घोटाळा 'पात्र' या शब्दावर होतो. निकालावर पात्र लिहिलेले दिसले की पेढे वाटतात. २०२५ साली खुल्या प्रवर्गातून पात्र ठरायला ७२० पैकी १४४ गुण पुरले. पन्नास पर्सेंटाइल म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लागणीची नोंद झाली म्हणजे तोड मिळाली असे आपण कधी म्हणतो काय? नोंद झाली म्हणजे रांगेत उभे राहिलात. पुढे किती जण आहेत, ते निराळे मोजावे लागते. दलालांचे फोन नेमके या पात्र मुलांच्या घरी येतात.

दुसरा घोटाळा गुणांचा. "गेल्या साली पाव्हण्याच्या पोराला इतक्या मार्कांवर मिळालं, मग आमच्याला का नाही?" असे विचारतात. २०२४ च्या सुधारित निकालात पैकीच्या पैकी ७२० गुण मिळवणारे १७ जण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण उतरतात. नुसत्या टनेजवरून साखर किती पोती पडेल ते सांगता येत नाही, उतारा पाहावाच लागतो, तसे इथे गुण बाजूला ठेवून क्रमांक पाहावा. सीईटी कक्ष दरवर्षी महाविद्यालयवार, प्रवर्गवार याद्या जाहीर करतो. निदान मागच्या तीन वर्षांच्या याद्या घ्याव्यात, आपला प्रवर्ग काढावा आणि प्रत्येक फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर थांबला ते वहीत उतरवावे. तिन्ही वर्षे पहिल्याच फेरीत आपला क्रमांक बसत असेल तर जागा जवळपास पक्की धरावी. तीनपैकी एकाच वर्षी, तेही अगदी शेवटच्या फेरीत बसत असेल तर तो भरवसा धरण्यासारखा नाही, वळवाच्या पावसावर लागण करण्यासारखा प्रकार आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी महाविद्यालयांचे आकडे आणि खाजगींचे आकडे यांत फार अंतर असते. दोन्ही एका रकान्यात मांडू नयेत.

तिसरी गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती दलाल कधीच सांगणार नाही. दंतवैद्यकीच्या जागा रिकाम्या राहतात. देशात दंत महाविद्यालये तीनशेच्या वर आहेत आणि बहुतेक खाजगी. २०२०-२१ साली पहिल्या वर्षाच्या सुमारे सात हजार जागा पडून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये पात्रतेचे पर्सेंटाइल दहाने खाली आणून त्या भरायला सांगितले. जी वस्तू हंगामाच्या शेवटी पडून राहते, तिच्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला जादा पैसे मोजून रान गहाण टाकण्यात कोणता शहाणपणा? मागच्या एका हंगामात आमच्या एका गटातल्या सभासदाने जागा 'बुक' करायची म्हणून वर्षाचे ऊसबिल एका एजंटाच्या हवाली केले. मुलाला पुढे जागा मिळाली ती फेरीतून, आपल्या क्रमांकावर. पैसे मात्र परत आले नाहीत, आणि पावती नसल्याने तक्रार तरी कशाची करणार?

फेरीचा पसंतीक्रम भरताना आवडीचे वर, कमी आवडीचे खाली, एवढाच नियम पाळावा. एमबीबीएस आणि बीडीएस एकाच अर्जात येतात. वर अवघड महाविद्यालय लिहिले म्हणून खालचे हातचे जात नाही. तुमच्या क्रमांकाला जे सर्वांत वरचे मिळण्यासारखे असेल ते यंत्र देते. मात्र पुढच्या फेरीत वरचे मिळाले की आधीचे सुटते. म्हणून जिथे जायचेच नाही ते नाव यादीत घालूच नये. जागा सोडण्याचे, अनामतीचे नियम फेरीगणिक बदलतात. ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचावेत, चावडीवर ऐकू नयेत.

हे झाले हिशेबाचे. आता थोडे मुलाखतीच्या बाजूनेही बोलतो, कारण माझ्या मते आपल्याकडे मुलाखत नाही हे जितके चांगले आहे, तितकीच त्यात एक उणीवही आहे. इंग्लंड-अमेरिकेत दंतवैद्यकीच्या प्रवेशाला मुलाखत असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून निघालेली एक पद्धत आता इंग्लंडातही चालते. मुलगा एकापाठोपाठ एक टेबलांवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटे नवाच प्रसंग. घाबरलेल्या पेशंटला समजावून सांग. सोबत्याने नक्कल केलेली पाहिलीस, काय करशील? अमेरिकेत मुलगा आधी दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून काम पाहून आलेला असावा, अशी अपेक्षा असते, आणि मुलाखतीत त्यावरून खोदून विचारतात. हाताचे कसबही पाहत. कॅनडात प्रवेश परीक्षेला साबणाची वडी कोरून ठरावीक आकार काढायला लावत असत. पोराचा हात कसा चालतो ते वडीवर लगेच कळते. (आपल्याकडे मुलगा पहिल्या वर्षाला मेणाचे दात कोरायला बसतो तेव्हा कळते. तोवर फी भरून झालेली असते.) बीडीएस झाल्यावर अमेरिकेला जायचे म्हटले तर तिथल्या परीक्षेनंतर दोन-तीन वर्षे पुन्हा शिकावे लागते. त्या प्रवेशाला मुलाखत होते आणि काही ठिकाणी नकली जबड्यावर काम करून दाखवावे लागते.

आपल्या पोराला मात्र "तुला दातांचाच डॉक्टर का व्हायचंय?" हे कोणीच विचारत नाही. एमबीबीएस हुकले, म्हणून यादीत खाली असलेले बीडीएस मिळाले, आणि गडी निघाला बॅग घेऊन. चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, अशी पाच वर्षे एका आकड्याने ठरतात. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी ही मुलाखत घरातच घ्यावी, असे माझे मत आहे. जेवणाच्या वेळी नको, लोक जमलेले असताना तर नकोच. तालुक्याच्या दंतवैद्यांना विनंती करून मुलाला चार दिवस त्यांच्या दवाखान्यात बसवावे. वाकून वाकून मान कशी अवघडते, इवल्याशा आरशात उलटे दिसणारे दात पाहत हात कसा चालवावा लागतो, रडणाऱ्या पोराचे तोंड कसे उघडवतात, हे त्याने डोळ्यांनी पाहावे. मग विचारावे. एमबीबीएससाठी आणखी एक वर्ष बसण्याची तुझी मनापासून तयारी आहे का, की आम्ही म्हणतो म्हणून? बीडीएस झाल्यावर गावी खुर्ची टाकणार की शहरात दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी धरणार? खुर्चीला, यंत्रांना पुन्हा भांडवल लागेल, ते कुठून? त्याने "नको" म्हटले तर रागावू नये. नको म्हणणारे पोर पाच वर्षे वाचवते.

मुलींबद्दल एक शब्द. "रात्रपाळी नाही, बसून काम" एवढ्यावर मुलीसाठी डेंटल ठरवणारे पालक मला पुष्कळ भेटतात. काम बसून असले तरी हलके नाही. तिला आवड असेल तर मात्र पैशाअभावी मागे राहू देऊ नका. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतूनच झालेला हवा. संस्था कोट्यातून घेतला तर सवलत गेली, आणि खाजगी अभिमत विद्यापीठाला ती लागूच नाही. म्हणजे घाईने मागच्या दाराने शिरणारा दोनदा पैसे भरतो, एकदा दलालाला आणि पुन्हा सवलत गमावून.

कागदपत्रांची जुळणी मात्र निकालाआधीच सुरू करावी. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा जुना कागद कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहू नये. जात पडताळणीला वेळ लागतो. केंद्राच्या आर्थिक दुर्बल दाखल्याला पाच एकरांची आडकाठी आहे. कुटुंबाच्या नावे तेवढी किंवा जास्त शेती असली तर तो मिळत नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो. सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते आत्ताच पाहून घ्यावे.

मागील वर्षांच्या याद्या शेतकी कार्यालयातल्या संगणकावर पाहता येतील. शनिवारी दुपारनंतर मी गटातून परत आलेला असतो. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे आणि नीटचे गुणपत्रक विसरू नये.

— ऊस विकास अधिकारी