विद्यापीठाचा कचरा आणि खतावणीतील खोट

विद्यापीठाच्या आवारात कचरा प्रक्रिया प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला की वित्त समितीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: खत विकून पैसे किती वर्षांत वसूल होणार? उत्तर मनासारखे नसेल तर प्रस्तावावर 'आर्थिकदृष्ट्या अव्यवहार्य' असा शेरा पडतो. ते मनासारखे दिसावे म्हणून मग प्रकल्प अहवालात 'कचऱ्यातून संपत्ती'ची चित्रे रंगवली जातात. उद्घाटन थाटात होते आणि काही महिन्यांत यंत्राला कुलूप लागते. नाकारणारे आणि रंगवणारे या दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही कचरा प्रक्रियेला दुकान मानले आहे.

वसतिगृहातील शौचालयांनी गुंतवणूक किती वर्षांत परत केली, असे कोणी विचारत नाही. ओल्या कचऱ्याची गोष्ट वेगळी नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संस्था 'मोठे कचरानिर्माते' ठरल्या. त्यांत विद्यापीठेही आली आणि कुजणाऱ्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याचे दायित्व त्यांच्यावर आले. तेव्हा प्रश्न नफ्याचा नाही. हे कर्तव्य कमीत कमी खर्चात आणि प्रामाणिकपणे कसे पार पाडता येईल, एवढाच प्रश्न आहे.

खताच्या विक्रीवर प्रकल्प तगेल, ही आशाच मुळात पोकळ आहे. 2016 मध्ये केंद्र सरकारने शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला टनामागे 1500 रुपये विपणन साहाय्य जाहीर केले. केवळ बाजारभावावर हे खत उभे राहत नाही, याची ती कबुलीच होती.

यंत्राची निवडही अनेकदा विज्ञानाला वळसा घालून होते. '24 तासांत खत' देणारी विजेवरची यंत्रे पुष्कळदा कचरा कुजवत नाहीत, केवळ वाळवतात. 100 किलो ओल्या कचऱ्यात 70 किलोच्या आसपास पाणी असते. त्यातील 65 किलो पाण्याची वाफ करायची तर किलोमागे 2.26 मेगाज्यूल या हिशेबाने सुमारे 41 युनिट ऊर्जा लागते. मोटार आणि उष्णतेची गळती वेगळी. तोच कचरा बायोगॅस संयंत्रात घातला तर साधारण 10 घनमीटर वायू, म्हणजे सुमारे 60 युनिट उष्णता मिळते. एका मार्गाने वीज जळते, दुसऱ्याने चूल पेटते. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'निसर्गऋण' हे दोन टप्प्यांचे बायोगॅस तंत्रज्ञान विकसित करूनही बरीच वर्षे लोटली. ज्या आवारात ऊष्मागतिकी शिकवली जाते, तेथील निविदेत हा साधा गुणाकार नसावा, ही शोचनीय बाब आहे.

आता उदाहरणादाखल एक ताळेबंद मांडता येईल. 5000 निवासी विद्यार्थी, दरडोई 200 ग्रॅम ओला कचरा, म्हणजे दिवसाला 1 टन. त्यातून 100 घनमीटर बायोगॅस, म्हणजे सुमारे 45 किलो स्वयंपाकाच्या गॅसइतके इंधन. किलोला 90 रुपये भाव धरला तर 300 दिवसांत सुमारे 12 लाखांची बचत. तीन कामगारांचे दरमहा 20 हजारांप्रमाणे वर्षाचे वेतन 7.2 लाख, वीज आणि दुरुस्तीचे 3 लाख. हाती उरतात जेमतेम 2 लाख. भांडवली खर्च 60 लाख असेल, तर परतफेडीला 30 वर्षे! येथे समिती फाईल मिटते.

पण खतावणीत एक नोंद राहून गेली. तो कचरा उचलून दूर नेण्याचा खर्च किलोला 2 रुपये धरला, तर वर्षाला 6 लाख वाचतात आणि 30 वर्षांची परतफेड साडेसात वर्षांवर येते.

दुसरी राहिलेली नोंद उलट दिशेची आहे. वर्गीकरण बिघडले आणि निम्माच कचरा संयंत्रापर्यंत पोहोचला, तर इंधन आणि वाहतुकीची बचत मिळून 9 लाखांवर येते, 10.2 लाखांचा चालू खर्च मात्र तेवढाच राहतो. वर नारळाच्या करवंट्या, हाडे आणि प्लास्टिक आत गेले की संयंत्र तुंबते. सुटीत उपाशी ठेवून नंतर एकदम भरल्यास सामू घसरतो आणि मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव मंदावतात. म्हणजेच प्रकल्पाचे अर्थकारण यंत्राच्या किमतीपेक्षा मेसमधील दोन वेगळ्या डब्यांवर आणि ते तपासणाऱ्या कामगारावर अधिक अवलंबून असते. अनुदान मात्र यंत्राला मिळते. कामगाराचे वेतन 'नंतर पाहू' या रकान्यात जाते. प्रकल्प बंद पडतात ते याच रकान्यात.

'अव्यवहार्य' ठरवलेला कचरा नाहीसा होत नाही, त्याचा खर्च दुसऱ्याच्या अंगणात जातो. दिल्लीतील गाझीपूरची क्षेपणभूमी 2002 मध्येच भरली होती, तरीही तेथे कचरा पडत राहिला. 1 सप्टेंबर 2017 रोजी त्या डोंगराचा कडा कोसळला आणि दोन जीव गेले. कोचीच्या ब्रह्मपुरम येथील आगीने मार्च 2023 मध्ये शहराला कित्येक दिवस धुरात ठेवले. या किमती कोणत्याही वित्त समितीपुढे येत नाहीत, कारण त्या भरणारे लोक त्या समितीत बसत नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांनी प्रकल्प हवा की नको एवढ्यावर थांबू नये, अंदाजपत्रक मागावे. त्यात वाचलेल्या वाहतुकीची नोंद आहे का? किमान पाच वर्षांच्या चालवणुकीचा निधी राखून ठेवला आहे का? कंत्राटदाराचे देयक यंत्र बसवल्याबद्दल आहे की प्रत्यक्ष प्रक्रिया केलेल्या किलोंबद्दल? कचरा हाताळणाऱ्यांना कायम वेतन, हातमोजे आणि अंघोळीची सोय आहे का? ही चार उत्तरे नसलेला अहवाल 'व्यवहार्य' म्हणो वा 'अव्यवहार्य', तो शास्त्रीय नव्हे. विद्यापीठाला स्वतःच्या ताटातील उष्ट्याचा हिशेब मांडता येत नसेल, तर देशाला शाश्वत विकास शिकवण्याचा त्याचा अधिकार तपासून पाहावा लागेल.