तोल आठवतो, दम विसरतो

सायकल एकदा शिकली की माणूस ती विसरत नाही, असे म्हणतात. हे खरे आहे. तोल कसा सांभाळायचा, वळणावर अंग किती कलवायचे, ब्रेक कधी दाबायचा, हे सारे लहान मेंदूत पक्के बसलेले असते. दहा वर्षांनी सायकलीवर बसले तरी गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो ते परत येते. हृदयाला, स्नायूंना आणि सांध्यांना मात्र इतकी चांगली स्मरणशक्ती नसते. मोठ्या खंडानंतर सायकलीकडे परतणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. तोल जुना असतो, म्हणून दमही जुनाच असेल असे वाटते.

2020च्या टाळेबंदीत अनेक घरांत नवी सायकल आली किंवा माळ्यावरची जुनी खाली उतरली. पुढे कार्यालये, शाळा सुरू झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच सायकली बाल्कनीत कपडे वाळत घालण्याच्या कामी आल्या. आता दर वर्षी पाऊस सरला की त्यांवरची धूळ झटकली जाते. व्हॉट्सॲपच्या गटावर 'रविवारी पहाटे साडेपाच' असा निरोप फिरतो आणि चार-पाच वर्षे पेडल न मारलेला माणूसही 'येतो' म्हणून कळवून टाकतो. पुण्यात सिंहगड, नाशिकला त्र्यंबकेश्वरचा रस्ता, कोल्हापूरला जोतिबाचा डोंगर, ठिकाण कोणतेही असो. या उत्साहाचे स्वागतच व्हायला हवे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार घरोघरी पोचलेले असताना कोणी आपणहून घाम गाळायला निघत असेल, तर त्याला घाबरवणे हा गुन्हाच ठरेल. पण त्याला नीट परत आणणे हेही तितकेच गरजेचे आहे.

खंड पडला की शरीरात काय होते? नियमित सराव करणाऱ्यांनी तो थांबवला, तर जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुमारे 7 टक्क्यांनी घटते आणि दोन-तीन महिन्यांत ही घट 16 टक्क्यांच्या घरात जाते. सुरुवातीला रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी होते, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते. नंतर स्नायूंच्या पेशींमधील ऊर्जा तयार करण्याची यंत्रणाही आकसते. हा हिशेब काही महिन्यांचा झाला. खंड वर्षांचा असेल, तर त्यात वाढलेले वय, वाढलेले वजन आणि बहुधा नव्याने सुरू झालेली एखादी गोळी यांची भर पडते.

समजा, एका गृहस्थांनी चाळिशीत सायकल सोडली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा हाती घेतली. मधल्या काळात वजन आठ किलोने वाढले, रक्तदाबाची गोळी लागली. पहिल्याच रविवारी ते जुन्या मित्रांबरोबर निघाले. मित्रांचा सराव तुटलेला नाही. सपाटीवर यांनी कसेबसे निभावले. घाट लागताच श्वास फुलला, छाती भरून आली. पण चारचौघांत उतरायचे कसे? 'आज जरा ॲसिडिटी आहे' असे म्हणून त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि पेडल मारत राहिले. खरा धोका आहे तो या क्षणात.

याविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत 1993मध्ये प्रसिद्ध झाला. जोरदार श्रमांनंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवीच्या तुलनेत किती वाढतो, हे त्यात तपासले होते. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांमध्ये तो शंभरपटीहून अधिक वाढलेला आढळला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये मात्र ही वाढ अडीचपटीहूनही कमी होती. त्या एका तासातला प्रत्यक्ष धोका मुळात फार लहान असतो, म्हणून शंभरपटीचा आकडा वाचून कोणी सायकल पुन्हा झाकून ठेवू नये. त्याचा अर्थ वेगळा आहे. धोका व्यायामात नाही, सवय नसताना एकाएकी केलेल्या अतिश्रमात आहे, आणि त्यावरचा उपायही नियमित व्यायाम हाच आहे.

म्हणून परतीचे पहिले काही आठवडे एकट्याने, किंवा आपल्याच वेगाच्या एखाद्या सोबत्याबरोबर काढावेत. आठवड्यातून तीन-चार दिवस, सपाट रस्त्यावर, अर्धा तास पुरे. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला. आधी वेळ वाढवावी, मग अंतर आणि चढ सर्वांत शेवटी. दम तुलनेने लवकर परत येतो, स्नायूबंध आणि सांधे मागे राहतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'आता जमते' असे वाटू लागते, नेमकी तेव्हाच गुडघेदुखी डोके वर काढते. सीट खाली असेल तर गुडघ्यावरचा ताण आणखी वाढतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी सीट उंच हवी. बरीच वर्षे उभ्या असलेल्या सायकलीचे टायर तडकलेले असतात, ब्रेकचे रबर कडक झालेले असते. घरातून निघण्याआधी दुकानात एक फेरी मारावी आणि हेल्मेट विसरू नये.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असा इतिहास असलेल्या कोणीही, आधी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर, ईसीजी या प्राथमिक तपासण्या सरकारी रुग्णालयातही होतात. मात्र ईसीजी चांगला आला म्हणजे पहिल्याच दिवशी घाट चढण्याचा परवाना मिळाला, असे नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर लांबच्या फेरीत एकदम उतरू शकते. त्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातील आकड्यापेक्षा आपल्या श्वासावर विश्वास ठेवावा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, अचानक घाम, चक्कर, न पेलणारा थकवा यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबावे आणि 108ला फोन करावा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसती धापही झटक्याची खूण असू शकते.

इथवरची जबाबदारी परतणाऱ्याची झाली. उरलेली गटाची. एकत्र फिरण्यात मोठी ताकद आहे. पहाटे साडेपाचला कोणी वाट पाहत असेल, तर पांघरूण बाजूला सारता येते, आणि सवय टिकते ती अशा सोबतीमुळेच. पण तोच गट नवख्याला नकळत जिवावरच्या वेगात ओढू शकतो. गटाने फेरीचा वेग आणि चढ आदल्या दिवशीच स्पष्ट सांगावा. महिन्यातून निदान एक फेरी अशी ठेवावी, जिथे वेग ठरवील तो सर्वांत मागचा. शेवटच्या माणसाच्या मागे एक जाणता सायकलस्वार असावा आणि घाटाआधी थांबा असावा, म्हणजे ज्याला परत फिरायचे त्याला ते निमूटपणे करता येईल. दोघा-तिघांनी तरी छाती दाबून जीव वाचवण्याची कृती, म्हणजे सीपीआर, शिकून घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मध्येच उतरणाऱ्याची थट्टा करू नये. तेवढ्या एका थट्टेच्या भीतीपोटी माणसे दुखणे लपवतात.

गेलेला दम परत मिळवता येतो का? अमेरिकेतील डॅलस येथे 1966मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या शरीरक्षमतेची जेवढी हानी केली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केली होती, असे दिसले. मग पन्नाशीतल्या या पाच जणांना सहा महिने चालणे, हळू धावणे, जागेवरची सायकल असा व्यायाम बेताबेताने वाढवत दिला. प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता पुन्हा विशीत अभ्यासाच्या सुरुवातीला होती तिथवर आली. पाच जण म्हणजे फार नव्हेत, पण पन्नाशीतले शरीर अजून शिकायला तयार असते, एवढे त्यातून नक्की कळते. त्यांना त्यासाठी सहा महिने दिले गेले होते. बाल्कनीतली सायकल खाली उतरवणाऱ्याने स्वतःला निदान सहा-आठ आठवडे तरी द्यावेत. घाट कुठेही जात नाही.